करारातला सद्भाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"करारात लिहिलं नव्हतं हे खरं, पण त्यांनी सांगायला नको होतं का?" करारांच्या निम्म्या भांडणांचं मूळ या एका वाक्यात असतं. कायद्याचं उत्तर मात्र व्यवहारागणिक बदलतं. विमा काढताना सांगायलाच हवं. बाजारात घोडा विकताना सांगायची गरज नाही. घर विकताना काही गोष्टी सांगायच्या, काही समोरच्याने शोधायच्या. खालची उत्तरं भारतीय कायद्यानुसार आहेत. जिथे महाराष्ट्रापुरता फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

प्रत्येक करारात सद्भावनेने वागलंच पाहिजे, असं भारतीय कायद्यात कुठे म्हटलं आहे का?

नाही. 1872 च्या भारतीय करार अधिनियमात असं सरसकट बंधन घालणारं कलम नाही. जर्मनीच्या दिवाणी संहितेत ते आहे (कलम 242), फ्रान्सच्या संहितेत आहे (कलम 1104), आणि कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये कराराची अंमलबजावणी करताना प्रामाणिक राहण्याचं कर्तव्य सर्व करारांना लागू केलं. इंग्लंडने असं सर्वसाधारण तत्त्व मानलेलं नाही, आणि आपला कायदा त्याच वळणाचा आहे.

पण म्हणून सद्भावाला आपल्याकडे किंमत नाही असं समजू नका. तो तुकड्यातुकड्यांनी पसरलेला आहे: करार अधिनियमात कपट, चुकीचं निवेदन, गैरवाजवी दबाव आणि जामिनाच्या कलमांत, मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 41 आणि 55 मध्ये, भागीदारी अधिनियमाच्या कलम 9 मध्ये, सागरी विमा अधिनियम 1963 च्या कलम 19 मध्ये. त्यामुळे वकिलाकडे जाऊन "त्यांनी सद्भाव पाळला नाही" एवढं सांगून भागत नाही. व्यवहार कोणता, आणि त्याला कोणतं कलम लागतं, इथून सुरुवात करावी लागते. नुसत्या "सद्भाव पाळला नाही" या मुद्द्यावर उभा केलेला दावा सहसा टिकत नाही.

"सद्भावनेने" म्हणजे नेमकं काय? प्रामाणिक पण बेफिकीर माणूस यात बसतो का?

कोणता कायदा लागू आहे त्यावर ठरतं. 1897 च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमानुसार (कायद्यांतल्या नेहमीच्या शब्दांच्या व्याख्या देणारा कायदा) प्रामाणिकपणे केलेली गोष्ट सद्भावनेची, मग ती निष्काळजीपणाने केलेली का असेना. उलट भारतीय न्याय संहिता आणि मुदत अधिनियम 1963 या दोन्हींत योग्य काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावनेत धरलीच जात नाही.

इथे एक बारकावा सुटतो. 1897 ची व्याख्या त्यानंतर झालेल्या केंद्रीय कायद्यांना लागू होते. मालविक्री अधिनियम (1930) आणि भागीदारी अधिनियम (1932) तिच्या कक्षेत येतात. करार अधिनियम (1872), चेक-हुंड्यांसाठीचा परक्राम्य संलेख अधिनियम (1881) आणि मालमत्ता हस्तांतरण अधिनियम (1882) तिच्या आधीचे. त्यांना काळजीची अट हवी होती तिथे ती कलमातच लिहिलेली आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम 41 "वाजवी काळजी" वेगळी मागतं, आणि चेक वसूल करणाऱ्या बँकेला संरक्षण देणारं परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम 131 "सद्भावनेने आणि निष्काळजीपणा न करता" असे दोन्ही शब्द वापरतं. व्यवहारात सरळ धोरण ठेवा: जमीन, घर आणि बँक यांच्या बाबतीत नुसता प्रामाणिकपणा पुरत नाही, चौकशी केल्याचा कागद लागतो.

समोरच्याने दोष माहीत असूनही सांगितला नाही. ही फसवणूक होते का?

बहुतेक वेळा नाही. करार अधिनियमाच्या कलम 17 चं स्पष्टीकरण म्हणतं की नुसतं गप्प राहणं म्हणजे कपट नव्हे. त्याला दोन अपवाद आहेत: बोलण्याचं कर्तव्य असेल तर, किंवा गप्प राहणं हेच बोलण्यासारखं असेल तर.

त्या कलमाखालची उदाहरणं आजही वाचण्यासारखी आहेत. क ला माहीत आहे की घोडा निरोगी नाही, आणि तो लिलावात ख ला विकतो, काहीच न बोलता. कपट नाही. ख ही क ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळे सांगणं कर्तव्य ठरतं. आणि ख म्हणाला, "तुम्ही नाकारलं नाहीत तर घोडा धडधाकट आहे असं मी धरून चालतो," आणि क गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलण्याइतकंच. शेवटचं उदाहरण दोन व्यापाऱ्यांचं: भाव बदलणार असल्याची खासगी खबर एकाला आहे, तर ती दुसऱ्याला सांगायचं बंधन त्याच्यावर नाही.

अर्धसत्य वेगळं. "छपराचं काम गेल्या वर्षीच केलंय" असं म्हणून गळती चालू असल्याचं दडवलं, तर तो गप्प बसलेला नाही. चुकीचं चित्र उभं करणारं विधान त्याने केलेलं आहे.

मग समोरच्याला बोलतं कसं करायचं?

वरच्या तिसऱ्या उदाहरणाचाच वापर करा. सही करण्यापूर्वी ईमेलने किंवा पोचपावतीच्या टपालाने पत्र पाठवा. मजकूर लांबलचक नको:

"यंत्राची (मॉडेल व अनुक्रमांक) गेल्या दोन वर्षांत मोठी दुरुस्ती झालेली नाही, त्यावर कोणाचं कर्ज नाही आणि ते सध्या पूर्ण क्षमतेने चालतं, असं आपण सांगितल्यावरून आम्ही खरेदी करत आहोत. यातलं काही बरोबर नसेल तर 5 दिवसांत लेखी कळवावं. न कळवल्यास हे बरोबर आहे असं धरून आम्ही रक्कम देऊ."

यात तीन गोष्टी जमून येतात. प्रश्न ठोस होतो, उत्तराला मुदत मिळते, आणि तुम्ही त्या माहितीवर विसंबून पैसे दिलेत हे कागदावर येतं. "सर्व काही ठीक आहे ना?" असं मोघम विचारलंत तर उत्तरही मोघम येईल आणि त्याचा कोर्टात उपयोग होणार नाही.

मला थोडं शोधलं असतं तर कळलं असतं. त्याने फरक पडतो?

पडतो, आणि इथे बरेच जण घसरतात. करार अधिनियमाच्या कलम 19 नुसार कपटाने किंवा चुकीच्या निवेदनाने मिळवलेली संमती असेल तर करार रद्द करता येतो. पण संमती चुकीच्या निवेदनाने किंवा कपटी मौनाने मिळवली असेल, आणि साधारण दक्षता घेतली असती तर तुम्हाला खरं कळू शकलं असतं, तर करार रद्द करता येत नाही. उघडउघड खोटं बोलून केलेल्या कपटाला हा अपवाद लागत नाही. म्हणून नोटिशीत "माहिती दडवली" एवढंच लिहून थांबू नका. खोटं विधान कोणतं, ते कधी आणि कोणत्या कागदात केलं, हे आधी लिहा.

विम्यात सगळं सांगावं लागतं म्हणतात. सगळं म्हणजे किती?

विम्यात जोखमीची माहिती एकाच बाजूला असते, म्हणून कायदा इथे परम सद्भाव मागतो. 1766 मध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी सुमात्रा बेटावरच्या फोर्ट मार्लबरोच्या विम्याच्या खटल्यात हे तत्त्व मांडलं. गंमत अशी की त्या खटल्यात जिंकला तो विमा घेणाराच. विमा देणाऱ्याला जे आधीच ठाऊक होतं किंवा सहज कळलं असतं, ते न सांगितल्याचा बोभाटा त्याने नंतर करू नये, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणजे सद्भावाचं ओझं कंपनीवरही आहे. भारतात हा दुसरा अर्धा भाग नेहमी विसरला जातो.

शहाणा विमा कंपनीचा माणूस विमा द्यायचा की नाही, किंवा किती हप्ता लावायचा हे ठरवताना ज्या गोष्टीचा विचार करेल, ती महत्त्वाची माहिती. न्यू इंडिया अॅशुरन्सच्या 2009 च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच कसोटी लावून दडवलेल्या आजारामुळे दावा नाकारणं योग्य ठरवलं. रिलायन्स लाइफच्या 2019 च्या निकालात तर आजाराचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या कंपनीची नुकतीच घेतलेली आयुर्विमा पॉलिसी अर्जात दाखवली नाही, एवढ्यावर दावा गेला.

उलट 2021 चा युनायटेड इंडियाचा निकाल पाहा. परदेश प्रवासाच्या पॉलिसीसाठी अर्जदाराने मधुमेह सांगितला होता, कंपनीच्या डॉक्टरने तपासणी केली होती. अमेरिकेत उतरताच हृदयविकाराचा झटका आला आणि कंपनीने कोलेस्टेरॉलच्या गोळ्या सांगितल्या नाहीत म्हणून हात वर केले. न्यायालयाने कंपनीला पैसे द्यायला लावले: तपासणी करून, माहिती घेऊन पॉलिसी दिली, तर नंतर त्याच आजाराकडे बोट दाखवता येत नाही.

अर्ज भरताना हमखास राहून जाणाऱ्या गोष्टी: रोजच्या गोळ्या (रक्तदाब, थायरॉइड, कोलेस्टेरॉल), जुनी शस्त्रक्रिया, गेल्या काही वर्षांत रुग्णालयात राहिल्याचे दिवस, तंबाखू, आधीच्या सर्व पॉलिसी, आणि पूर्वी एखाद्या कंपनीने अर्ज नाकारला असेल तर ते. तंबाखूच्या रकान्यात "नाही" लिहून रुग्णालयाच्या केस पेपरवर "वीस वर्षे मिश्री" असं डॉक्टरला सांगणारे खूप असतात. कंपनी पहिल्यांदा तोच कागद मागवते.

अर्ज एजंटने भरला, मी फक्त सही केली. चालेल?

सही तुमची म्हणजे माहितीही तुमची, असंच आधी धरलं जातं. अर्जाची भरलेली प्रत पॉलिसीसोबत मागून घ्या आणि वाचा. चुकीचं उत्तर दिसलं तर 30 दिवसांच्या फ्री लुक काळात लेखी दुरुस्ती कळवा. पटत नसेल तर याच काळात पॉलिसी परतही करता येते. एजंटला व्हॉट्सअॅपवर आजाराचे रिपोर्ट पाठवले असतील तर ते जपून ठेवा, कारण कंपनीला माहिती पोचली होती हे दाखवायला तोच धागा उरतो.

किती वर्षांनंतर कंपनी माहिती दडवल्याचं कारण काढू शकत नाही?

आयुर्विम्यात 3 वर्षे. विमा अधिनियमाच्या कलम 45 नुसार पॉलिसी दिल्याची, जोखीम सुरू झाल्याची, बंद पॉलिसी पुन्हा चालू केल्याची किंवा रायडर (जोड संरक्षण) घेतल्याची तारीख, यांतली जी सर्वांत उशिराची, तिथून 3 वर्षे मोजायची. त्यानंतर कोणत्याही कारणाने पॉलिसीवर प्रश्न उठवता येत नाही. हप्ता चुकून पॉलिसी बंद पडली आणि मग चालू केली तर घड्याळ पुन्हा शून्यावर येतं, हे लक्षात ठेवा. 3 वर्षांच्या आत कपटाखेरीज इतर चुकीच्या माहितीवरून पॉलिसी नाकारली, तर भरलेले हप्ते 90 दिवसांत परत करावे लागतात.

आरोग्य विम्यात सलग 60 महिने. 2024 पूर्वी ही मुदत 96 महिने होती. त्यानंतर सिद्ध झालेलं कपट सोडून माहिती दडवल्याचं कारण चालत नाही. आधीपासूनच्या आजारासाठीची प्रतीक्षाही आता जास्तीत जास्त 36 महिन्यांची आहे.

दावा नाकारला. आता काय?

आधी नकाराचं पत्र लेखी घ्या, त्यात पॉलिसीतलं कोणतं कलम लावलंय ते असायला हवं. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करा. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्याला कार्यालयं आहेत. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात आणि कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. मात्र त्याच विषयावर ग्राहक आयोगात किंवा कोर्टात प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते घेत नाही. ग्राहक आयोगासाठी मुदत 2 वर्षे.

दडवलेली माहिती महत्त्वाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची आहे. म्हणून अर्जातला नेमका प्रश्न काय होता ते पाहा. विचारलंच नसेल, किंवा प्रश्न दोन अर्थांचा असेल, तर तो मुद्दा आधी मांडा. संदिग्ध शब्दांचा अर्थ ते लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावला जातो.

घर किंवा जमीन विकणाऱ्याने काय काय सांगायचं?

मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 55 नुसार, मालमत्तेतला किंवा मालकी हक्कातला असा मोठा दोष, जो विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊन त्याला कळणारा नाही. भिंतीला दिसणारी भेग यात येत नाही. पालिकेची पाडकामाची नोटीस, बहिणीने घेतलेली लेखी हरकत, तोंडी वाटणीचा वाद, हे येतं. न सांगितल्यास कलमच त्याला कपट म्हणतं.

घेणाऱ्यावरही असं बंधन आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. विकणाऱ्याच्या हक्काबद्दल असं काही घेणाऱ्याला कळलंय जे विकणाऱ्याला ठाऊक नाही आणि ज्यामुळे त्या हक्काची किंमत बरीच वाढते, तर ते सांगायला हवं. गावाकडच्या जमिनीत मुंबईच्या काकूंचा हिस्सा समजला होता त्याहून मोठा आहे, हे जुन्या फेरफारात शोधून काढून गप्पपणे स्वस्तात घेतलं, तर व्यवहार अडचणीत येतो. जवळून रस्ता जाणार आहे ही खबर मात्र यात बसत नाही. ती हक्काबद्दलची माहिती नव्हे.

बोनाफाईड (सद्भावनेने घेणारा) खरेदीदार म्हणून संरक्षण हवं असेल तर काय तपासावं?

आधी कोणाशी साठेखत झालेलं असेल आणि तुम्ही नंतर खरेदी केलीत, तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या (स्पेसिफिक रिलीफ अॅक्ट) कलम 19(ख) नुसार तुम्हाला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: मोबदला दिला, तो सद्भावनेने दिला, आणि आधीच्या कराराची खबर नव्हती. हे सिद्ध करणं तुमच्याच माथी येतं.

"खबर" शब्दाचा अर्थ कायद्यात रुंद आहे. नोंदणीकृत दस्ताची खबर तुम्हाला होतीच असं मानलं जातं. जागेत प्रत्यक्ष राहणाऱ्याच्या हक्काचीही. भाडेकरूशी विक्रीचा करार झालेला होता आणि खरेदीदाराने त्याला विचारलंच नाही, अशा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये खरेदीदाराला संरक्षण नाकारलं. म्हणून दार वाजवून राहणाऱ्याला विचारा: "तुम्ही इथे कोणत्या नात्याने आहात?" उत्तर लिहून घ्या.

कागदांत 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट, इंडेक्स 2, शेतजमिनीला सातबारा, आठ-अ आणि सर्व फेरफार, शहरात मालमत्ता पत्रक. बँकेकडे मूळ दस्त ठेवून घेतलेलं कर्ज सर्चमध्ये सुटू शकतं, त्यासाठी नोंदणी कार्यालयातली नोटीस ऑफ इंटिमेशन (अशा कर्जाची दिलेली सूचना) आणि सरसाईची (तारण कर्जांची केंद्रीय नोंदवही) नोंद वेगळी बघावी. मूळ दस्त मागा. "लॉकरमध्ये आहेत, नंतर देतो" हे उत्तर मिळालं तर पैसे थांबवा. मराठी वर्तमानपत्रात 14 दिवसांची जाहीर नोटीस द्या आणि तो अंक जपा.

फेरफारावर फक्त भावांची नावं असतील तर बहिणींचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. "बहिणींनी तोंडी सोडलंय" याला कोर्टात अर्थ नाही, आणि फेरफार हा मालकीचा पुरावा नव्हे.

खरेदीच्या वेळी त्या जमिनीवर दावा चालू होता, मला माहीत नव्हतं. सद्भाव उपयोगी पडेल?

सहसा नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 52 मध्ये खरेदीदाराचा प्रामाणिकपणा बघितला जात नाही. दाव्याचा निकाल त्याला बांधतो. मुंबई राज्याने केलेल्या दुरुस्तीमुळे इथे प्रलंबित दाव्याची नोटीस नोंदवण्याची तरतूद आहे, म्हणून सर्चमध्ये ती शोधा आणि वकिलामार्फत तालुका आणि जिल्हा न्यायालयांत विकणाऱ्याच्या नावावर दावे आहेत का ते ई-कोर्ट्सवर बघा.

साठेखत करून विकणारा मागे हटतोय. माझा सद्भाव कसा दाखवू?

करारपूर्तीच्या दाव्यात विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 16(ग) खाली तुमची तयारी आणि इच्छा दोन्ही तपासली जातात. तयारी म्हणजे पैशांची ऐपत, इच्छा म्हणजे वागणूक. 2018 च्या दुरुस्तीनंतरही हे सिद्ध करावंच लागतं. बँकेतली शिल्लक किंवा मंजूर कर्जाचं पत्र, ठरलेल्या तारखेला दुय्यम निबंधक कार्यालयात हजर राहिल्याचा पुरावा, आणि "अमुक तारखेला उर्वरित रकमेसह येतो, खरेदीखत करून द्या" अशी नोटीस, हे तीन कागद दाव्याचा कणा असतात. मुदत 3 वर्षांची असली तरी शेवटच्या महिन्यापर्यंत गप्प बसलेल्याची "इच्छा" न्यायालयाला पटवणं अवघड जातं.

बिल्डरचा छापील करार एकतर्फी आहे. सही केली म्हणजे संपलं?

नाही. पायोनियर अर्बनच्या 2019 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असा एकतर्फी करार घर घेणाऱ्यावर बंधनकारक मानला नाही. बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करार केल्याशिवाय 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, आणि उशिराचं व्याज दोन्ही बाजूंना सारखंच; महाराष्ट्रात ते स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआर (बँकेचा कर्जाचा पायाभूत दर) अधिक 2 टक्के. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे दिले तर रेराचं कलम 12 वापरा, त्यासाठी ब्रोशर ठेवून द्या. ग्राहक संरक्षण कायदा 2019 "अनुचित करार" ही कल्पना आणतो, पण त्या मुद्द्यावरची तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, राज्य किंवा राष्ट्रीय आयोगातच चालते. चुकीच्या ठिकाणी दाखल करून वर्ष घालवणारे बरेच आहेत.

जुनी गाडी प्रामाणिकपणे विकत घेतली, नंतर कळलं चोरीची होती.

गाडी जाईल. चोराकडे मालकीच नव्हती, तर तो देणार काय? पण विकणाऱ्याने ती कपटाने, म्हणजे न वटणारा चेक देऊन मिळवली असेल, आणि मूळ मालकाने करार रद्द करण्यापूर्वी तुम्ही सद्भावनेने घेतली असेल, तर मालविक्री अधिनियमाच्या कलम 29 ने तुमची मालकी टिकते. कर्जाचा बोजा परिवहन पोर्टलवर बघा. बोजा असेल तर फॉर्म 35 (बोजा उतरवण्याचा) आणि बँकेचं ना-हरकत पत्र हाती येईपर्यंत फॉर्म 29 आणि 30 वर (मालकी बदलाचे) सह्या घेऊन उपयोग नाही.

भागीदार हिशेब दाखवत नाही.

भागीदारीत सद्भाव स्पष्ट लिहिलेला आहे. कलम 9: एकमेकांशी न्यायाने आणि निष्ठेने वागायचं, खरा हिशेब आणि पूर्ण माहिती द्यायची. कलम 16: फर्मच्या व्यवहारातून किंवा स्पर्धेचा धंदा करून मिळवलेला खासगी नफा फर्मला द्यायचा. कलम 33: बहुमताने भागीदाराला काढायचं तर तसा अधिकार भागीदारीपत्रात हवा आणि तो सद्भावनेने वापरायला हवा, काढण्याआधी बाजू मांडू दिली का, हे तिथे पाहिलं जातं.

लेखी मागणी करा: कोणत्या वर्षांची वही, कोणतं बँक खातं, कधीपर्यंत. फर्म नोंदलेली नसेल तर कलम 69 मुळे बरेच दावे अडतात, पण फर्म विसर्जित करून हिशेब मागण्याची वाट उघडी राहते. महाराष्ट्राने 1984 च्या दुरुस्तीने तीही जवळजवळ बंद केली होती. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली.

जामीन राहताना बँकेने मला सगळं सांगायला हवं होतं का?

विम्याइतकं नाही. पण करार अधिनियमाच्या कलम 143 नुसार महत्त्वाच्या बाबीवर मौन पाळून मिळवलेला जामीन रद्दबातल असतो. कायद्यातलं उदाहरण: कारकुनाने आधीच अफरातफर केलीय हे लपवून मालकाने त्याच्यासाठी जामीनदार घेतला, तर जामीन टिकत नाही. जामीनदाराने सहीपूर्वी एवढं तरी लेखी विचारावं: हे खातं याआधी थकलं होतं का, आणि हे जुनं कर्ज फेडण्यासाठीचं नवं कर्ज आहे का?

वाटाघाटी अर्ध्यावर सोडल्या, खर्च वाया गेला. भरपाई?

अवघड. "पुढे करार करू" असा करार अंमलात आणता येत नाही, आणि इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने 1992 मध्ये सद्भावनेने वाटाघाटी करण्याचं बंधनच अव्यवहार्य ठरवलं. उपाय आधीच करायचा: दोन पानांचं पत्र, ज्यात अमुक दिवस दुसऱ्याशी बोलणी नाहीत, गोपनीयता, आणि तपासणीचा खर्च कोणाचा, एवढं असावं. हे ठोस असल्याने टिकतं.

"कोणतंही कारण न देता करार रद्द करता येईल" या कलमाचा गैरवापर झाला तर?

खासगी करारात फारसं हाती लागत नाही. इंडियन ऑइल विरुद्ध अमृतसर गॅस (1991) मध्ये रद्द करणं चुकीचं ठरलं, तरी करार 30 दिवसांच्या नोटिशीने संपवता येत होता म्हणून भरपाई 30 दिवसांचीच मिळाली. समोर सरकार किंवा सरकारी महामंडळ असेल तर चित्र वेगळं. राज्यघटनेच्या अनुच्छेद 14 मुळे त्यांना करारातही मनमानी करता येत नाही, आणि उच्च न्यायालयात रिट करता येते.

ठेकेदाराला मीच साइट दिली नाही, आता उशिराचा दंड कापू का?

कापू नका. समोरच्याला काम करू न देणाऱ्याविरुद्ध करार अधिनियमाची कलम 53 आणि 67 उलटतात. ठेकेदार असाल तर जागा मिळाली नाही, नकाशे आले नाहीत, हे त्याच आठवड्यात लिहून कळवा. वर्षभराने एकत्र केलेल्या तक्रारींना वजन राहत नाही.

पोलिसांत फसवणुकीची तक्रार करू का?

नुसता करार मोडला तर तो गुन्हा होत नाही. करार करतानाच फसवायचा हेतू होता हे दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने 2000 पासून हे वारंवार सांगितलंय. एकच फ्लॅट दोघांना विकणं यात बसू शकतं, कर्जबाजारी होऊन हप्ता चुकवणं नाही.

करारात "दोन्ही पक्ष सद्भावनेने वागतील" असं लिहून काही होतं का?

एकटं वाक्य फारसं काम करत नाही. त्याला हातपाय द्या: "विक्रीचा आकडा, मालाचा साठा आणि ग्राहकांच्या तक्रारी यांची माहिती वितरक दर महिन्याच्या 7 तारखेपर्यंत देईल. पुरवठा 10 दिवसांहून जास्त थांबणार असल्याचं कळताच उत्पादक 48 तासांत लेखी कळवेल. वाद झाल्यास दोन्ही बाजूंचे मालक 15 दिवसांत एकदा भेटतील, त्याआधी कोणी करार रद्द करणार नाही."

पुण्या-चाकणच्या पुरवठादारांसाठी एक जोड: जर्मन ग्राहकाच्या करारात "जर्मन कायदा लागू" असं असेल तर जर्मन संहितेचं सद्भावाचं कलम 242 आपोआप येतं, ते करारात लिहिलेलं नसलं तरी. शिवाय आंतरराष्ट्रीय मालविक्रीचा संयुक्त राष्ट्रांचा करारही लागू होतो, स्पष्टपणे वगळला नसेल तर. भारताने त्यावर सही केलेली नाही, म्हणून आपल्याकडचे लोक तो गृहीत धरत नाहीत.

व्हॉट्सअॅपवरची बोलणी पुराव्यात चालतात का?

चालतात, पण 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक तुमचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश किंमत (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा अंकी ठसा) लिहावी लागते. स्क्रीनशॉटपेक्षा पूर्ण संवाद एक्स्पोर्ट करून ठेवा, मूळ फोन बदलू किंवा विकू नका, आणि महत्त्वाचं काही ठरलं की त्याच दिवशी ईमेलने "आज असं ठरलं" म्हणून पाठवून द्या. व्हॉइस नोट असेल तर ती मूळ स्वरूपातच जपा. टंकलिखित करून दिलेला मजकूर तिच्यासोबत द्या, तिच्याऐवजी नाही.